हार्ट बेटावरचा किल्ला

लेबर डेच्या सुट्टीत आमच्या मराठी वर्गातील चार कुटुंबे अलेक्झांड्रिया बे या गावी गेली होती. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी हे लहानसे गाव आहे. नदी इतकी रुंद की समुद्रच वाटतो! पलीकडे कॅनडा आणि मध्ये बेटेच बेटे. या भागाचे नाव 'थाउजंड आयलंड्स', म्हणजे हजार बेटे. खरी संख्या मात्र अठराशेच्या वर आहे. बेट वर्षभर पाण्याच्या वर राहिले पाहिजे आणि त्यावर झाड हवे, तरच ते मोजतात.

आम्ही वेलस्ली आयलंड स्टेट पार्कमध्ये तंबू ठोकले. सकाळी कांदेपोहे, दुपारी पोहणे आणि रात्री शेकोटीभोवती भेंड्या. दुसऱ्या दिवशी लाँचने हार्ट बेटावर बोल्ट कॅसल पाहायला गेलो.

हा कॅसल जॉर्ज बोल्ट यांनी बांधायला घेतला. त्यांचा जन्म १८५१ साली बाल्टिक समुद्रातील र्‍युगेन बेटावर झाला. लहान वयात ते अमेरिकेत आले, स्वयंपाकघरात काम केले आणि पुढे न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलचे प्रमुख झाले. पत्नी लुईझ यांच्यासाठी १९०० साली त्यांनी हे काम सुरू केले. सहा मजले, १२० खोल्या आणि तीनशे कामगार! बेटाचे आधीचे नाव हार्ट आडनावाच्या जुन्या मालकावरून पडले होते. बोल्ट यांनी इंग्रजी स्पेलिंग बदलून त्याचा अर्थ 'हृदय' असा केला. मराठीत मात्र दोन्ही 'हार्ट'च!

जानेवारी १९०४ मध्ये लुईझ अचानक वारल्या. बोल्ट यांनी तार केली, 'काम थांबवा.' कामगार हत्यारे ठेवून निघून गेले. बोल्ट पुन्हा कधीही त्या बेटावर आले नाहीत.

काकूंनी आम्हाला विचारले, "हा किल्ला, की वाडा?" आम्ही सिंधुदुर्ग आठवला. तोही बेटावरच आहे. शिवाजी महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले. समुद्रावर सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांच्यावर वचक बसावा म्हणून तट आणि बुरूज उभारले. वेढा पडला तर पाणी हवे, म्हणून आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बोल्ट कॅसलला बुरूज आहेत, पण ते शोभेचे. तेथे कधी लढाई झाली नाही. म्हणून आम्ही ठरवले, हा किल्ल्यासारखा दिसणारा वाडा!

त्यानंतर ७३ वर्षे हा वाडा ओसाड पडला. पाऊस, बर्फ आणि वारा यांनी नुकसान केलेच, पण माणसांनीही केले. येणाऱ्यांनी भिंतींवर आपली नावे लिहिली. वरच्या मजल्यांवर, जेथे दुरुस्ती झालेली नाही, तेथे ती अजून दिसतात. १९७७ साली थाउजंड आयलंड्स ब्रिज अथॉरिटीने हे बेट ताब्यात घेतले आणि येथून मिळणारे उत्पन्न डागडुजीसाठीच वापरायचे असे ठरले. म्हणजे आमच्या तिकिटाच्या पैशातूनही एखादा दगड नीट बसेल!

ती नावे पाहून आमच्यातला एक जण गप्प झाला. रात्री शेकोटीजवळ त्याने सांगितले, "गेल्या वर्षी भारतात गेलो होतो तेव्हा मी पण एका गडाच्या भिंतीवर माझं नाव कोरलं. सगळे कोरत होते." कोणी हसले नाही. आजोबा म्हणाले, "अरे, ज्यांनी तो गड बांधला, त्या पाथरवटांची नावं तरी कुठे लिहिलेली आहेत?"

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले, त्यात सिंधुदुर्गही आला, आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. मान यादीने मिळतो, पण भिंत आपण जपली तरच टिकते.

म्हणून आमच्या वर्गाने एक वही केली आहे. जो कोणी गड किंवा कॅसल पाहून येईल, त्याने आपले नाव, तारीख आणि तेथे काय पाहिले हे त्या वहीत लिहायचे. पहिले नाव आमच्या त्याच मित्राने लिहिले. तुम्हीही लिहा!