मनाचा उपचार आणि मिनिटाची चित्रफीत

शरीरास कांहीं झालें, तर मनुष्य शेजाऱ्याला चांगल्या डॉक्टराचें नांव विचारतो. मन दुखूं लागलें, म्हणजे तो कोणालाच विचारीत नाहीं. बरा झालेला रुग्णहि आपण कोणाकडे जात होतों, हें चारचौघांत सांगत नाहीं. त्यामुळें दंतवैद्यास जी प्रसिद्धि तोंडोतोंडीं सहज लाभते, ती मानसोपचारकास लाभत नाहीं. समाजमाध्यमांवरील लहान चित्रफितींचें महत्त्व येथेंच आहे. ज्याला विचारण्याचा संकोच वाटतो, तो आपल्या खोलींत, हातांतल्या फोनवर, कोणास न कळतां त्या पाहूं शकतो.

भारतांत जून २०२० मध्यें टिकटॉकवर बंदी आली. पुढच्याच महिन्यांत इन्स्टाग्रामनें 'रील्स' व सप्टेंबरमध्यें यूट्यूबनें 'शॉर्ट्स' हे प्रकार येथें सुरू केले. यूट्यूबवरील अशी चित्रफीत आज तीन मिनिटांपर्यंत असूं शकते; परंतु पाहणाऱ्याचा अंगठा इतका वेळ थांबत नाहीं. हें आपल्याविषयींच चाललें आहे, असें त्याला पहिल्या एक-दोन वाक्यांतच वाटावें लागतें. म्हणून एका चित्रफितींत एकच विषय घ्यावा, आणि तो रुग्णाच्या शब्दांत मांडावा. 'चिंताविकार म्हणजे काय?' असा प्रारंभ करण्यापेक्षां 'रात्रीं दोन वाजतां जाग येऊन छाती धडधडूं लागते का?' हा प्रश्न अधिक जवळचा होय. त्यानंतर एक उपयुक्त गोष्ट सांगावी, व शेवटीं पुढचें एकच पाऊल दाखवावें. बोललेले शब्द खालीं अक्षरांत उमटवावेत. कारण घरांत माणसें असतांना पुष्कळजण आवाज बंद ठेवूनच पाहतात.

नवख्या माणसाला रोगाची जितकी भीति असते, तितकीच अनोळखी दाराचीहि असते. पहिल्या भेटींत काय विचारतात? ती किती वेळ चालते? औषध देणारा मनोविकारतज्ज्ञ आणि संभाषणाच्या द्वारें उपचार करणारा मानसोपचारक यांत भेद कोणता? सांगितलेलें गुप्त राहतें का, आणि जीवितास धोका असेल तेव्हां त्या गुप्ततेला मर्यादा कां पडते? यांतील एकेक प्रश्न एकेका चित्रफितीस पुरेसा आहे. शिक्षण, भाषा, फी व पत्ता यांची माहिती परिचयाच्या जागीं स्पष्ट लिहिलेली असावी.

परंतु हेंच साधन बेजबाबदार हातीं घातक ठरतें. एडीएचडी, म्हणजे अवधान व चंचलता यांसंबंधींचा विकार, या विषयावरील टिकटॉकच्या सर्वांत लोकप्रिय अशा १०० चित्रफिती कॅनडांतील संशोधकांनीं तपासल्या. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत ५२ चित्रफिती दिशाभूल करणाऱ्या आढळल्या. किल्ली विसरणें, कामांत मन न लागणें, हें कोणाच्या आयुष्यांत नसतें? तेवढ्यावरून रोगाचें नांव दिलें, तर निरोगी मनुष्य घाबरतो आणि खरा रुग्ण चुकीच्या वाटेस लागतो. लक्षण सांगतांना तें किती काळ टिकलें व त्यामुळें नित्याचें काम किती अडलें, हेंहि विचारलें पाहिजे. आणि चित्रफीत पाहून निदान होत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

दुसरी मर्यादा रुग्णाच्या अब्रूची. नांव बदलून सांगितलेली हकीकतहि लहान गांवांत ओळखूं येते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णास गुप्ततेचा हक्क दिला आहे. मानसिक आरोग्यसंस्थेंत उपचार घेणाऱ्याचें छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीवांचून प्रसारमाध्यमांस देतां येत नाहीं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता तर उपचार चालू असलेल्या रुग्णाकडून प्रशस्तिपत्र मागूंच नये, असें सांगते. ज्याच्यापुढें आपण मन उघडें केलें, त्याला 'नाहीं' म्हणणें कोणासहि अवघड जातें.

चित्रफितीखालीं कोणी आपलें दुःख लिहिलें, तर तेथेंच सर्वांसमक्ष सल्ला देऊं नये. खासगी भेटीचा मार्ग दाखवावा. जीव नकोसा झाल्याचें कोणी लिहिल्यास 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक तत्काळ द्यावा. ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालते.

किती जणांनीं पाहिलें, हा आंकडा डोळ्यांत भरतो. परंतु त्यावरून कामाचें मोल ठरत नाहीं. अनेक आठवडे तोच चेहरा पाहून व तोच शांत आवाज ऐकून एखाद्याचा संकोच गळतो आणि तो दारापर्यंत येतो. मिनिटाच्या चित्रफितीनें उपचार होत नाहीं. तिनें दार कोठें आहे एवढें दाखवावें. आणि बाहेर जें सांगितलें, तेंच त्याला आंत मिळावें.