दुखण्याआधीची तपासणी

गर्भाशयाच्या खालच्या अरुंद टोकाला, बोलीभाषेत ‘पिशवीच्या तोंडाला’, होणारा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्रास आढळतो की बहुतेकांना कधी ना कधी त्याची लागण होतेच. त्यात चारित्र्याचा प्रश्न येत नाही, हे ठासून सांगायला हवे. साधारण दोन वर्षांत शरीर तो आपणहून घालवते. काही स्त्रियांत मात्र तो ठाण मांडतो. पेशी बिघडू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात.

या काळात काहीच दुखत नाही. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे ही लक्षणे उशिरा दिसतात आणि तीही अंगावर काढली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या जेमतेम दोन टक्के होत्या.

सगळ्यात साधी तपासणी काही मिनिटांची. गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल कापसाच्या बोळ्याने लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेल्या पेशी असतील तिथे पांढरा चट्टा उमटतो. चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. तो भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने दहावी शिकलेल्या स्त्रियांना हे काम शिकवले. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या त्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तरी मृत्यू निम्म्यावर आले. पॅप स्मिअर या आणखी एका तपासणीत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यासाठी प्रयोगशाळा आणि जाणकार लागतात.

सरकारी धोरणानुसार तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी. एचआयव्हीबाधित स्त्रियांनी ती लवकर सुरू करायची असते.

एचपीव्हीविरुद्धची लस ९ ते १४ वयात, शरीरसंबंध सुरू होण्याआधी, सर्वाधिक उपयोगी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली. विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकांच्या प्रकारांमुळे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात; ही लस त्यांना रोखते. बाकीचे प्रकार उरतातच, त्यामुळे लस घेतलेल्या मुलीलाही तिशीत तपासणी करावीच लागते.