आकार घाटगेंच्या विमानाचा, अटी हवेच्या

विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती करणे आणि ती रेडिओ-नियंत्रणावर उडवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमान सहापट लहान करता येते. हवा मात्र तीच राहते. म्हणूनच छंदिष्टांमध्ये ‘स्पोर्ट स्केल’ हा मधला मार्ग रूढ झाला. काही अंतरावरून पाहताना मूळ विमान ओळखू यावे, पण उड्डाण सुरक्षित व्हावे म्हणून मोजमापात थोडी सूट घ्यावी, हे त्याचे सूत्र.

या प्रयोगासाठी मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे विमान म्हणजे ‘एचटी-२’. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये हे प्रशिक्षण विमान साकारले. १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. एकामागे एक दोन आसने, खाली बसवलेला पंख आणि न मिटणारी चाके, ही साधी ठेवण प्रतिकृतीलाही सोयीची आहे.

वजनाचे गणित

मूळ विमानाचा पंखविस्तार १०.७२ मीटर, लांबी ७.५३ मीटर आणि उड्डाणावेळचे वजन सुमारे १,०१६ किलो. एकास सहा प्रमाणात पंखविस्तार १.७९ मीटर, तर लांबी १.२६ मीटर भरते. मात्र क्षेत्रफळ ३६व्या आणि वजन २१६व्या हिश्शावर येते. म्हणजे प्रमाणशीर वजन ४.७ किलो! एवढे वजन या पंखाला जड जाते. विमान वेगाने उतरवावे लागते आणि वेग किंचित घटताच पंखाची उचल एकाएकी तुटते. काही महिन्यांची मेहनत क्षणात मातीत जाते ती इथेच. त्यामुळे वजन तीन किलोच्या आसपास राखणे, ही आराखड्याची पहिली अट ठरते.

लहान पंखाभोवती हवा मोठ्या पंखासारखी वाहत नाही. ती पृष्ठभागापासून लवकर सुटते. यावर उपाय म्हणून पंखाचे टोक मुळापेक्षा दोन-तीन अंशांनी खाली पिळतात, तसेच आडवे शेपूट प्रमाणापेक्षा थोडे मोठे घेतात. गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून २५ ते ३० टक्क्यांवर ठेवतात. तो मागे सरकला, तर विमान आवरत नाही.

बांधणी आणि उड्डाण

पंखाच्या फासळ्या आणि धडाचा सांगाडा हलक्या बाल्सा लाकडाचा, तर मोटर व चाकांचे आधार प्लायवूडचे करतात. मूळ विमान धातूचे असल्याने सांगाड्यावर पातळ बाल्सा, त्यावर तलम काचकापड आणि शेवटी रंग चढवतात. रंगाचा प्रत्येक थर वजन वाढवतो, विशेषतः शेपटीकडे. मग समतोलासाठी नाकात शिसे भरावे लागते. किलोमागे सुमारे २०० वॅट शक्तीची विद्युत मोटर, लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि सुकाणू हलवणारे सर्वो एवढी सामग्री पुरेशी होते.

दुष्काळी माण तालुक्यातील दहिवडी-म्हसवडकडची मोकळी माळराने अशा उड्डाणाला मोहवणारी आहेत. मात्र उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत हलक्या विमानाला उलथवू शकतात. सकाळची शांत वेळ उत्तम. खडकाळ जमिनीवर विमान नाकावर आपटू नये म्हणून चाके थोडी मोठी आणि गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे हवीत. २०२१ च्या ड्रोन नियमांनी मनोरंजन व शिक्षणासाठीच्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींची व्याख्या करताना त्या नजरेच्या टप्प्यातच उडवण्याची अट घातली आहे. त्यामुळे जागा प्रतिबंधित क्षेत्रात नाही ना, हे हवाई नकाशावर आधी पाहावे.

पहिल्या उड्डाणापूर्वी रेडिओचा पल्ला तपासावा आणि प्रत्येक सुकाणू योग्य दिशेला वळते का, हे डोळ्यांनी पाहावे. उलट जोडलेला एक सर्वो सारा आराखडा निष्फळ ठरवतो.