बाजार दक्षिणेला, कचेरी उत्तरेला : सौंसर-पांढुर्ण्याच्या अर्थकारणाची घडण

एखाद्या मुलखाचे अर्थकारण समजून घ्यायला दोन प्रश्न बरेच उपयोगी पडतात. इथला माल कुठे जातो? आणि त्या मालाविषयीचे निर्णय कुठून येतात? दोन्हींचे उत्तर एकच असले की व्यवहार सोपा होतो. सौंसर आणि पांढुर्णा या तालुक्यांत मात्र ही उत्तरे जवळजवळ सत्तर वर्षे दोन वेगळ्या दिशांना आहेत. या भागाचे पुष्कळसे बरेवाईट त्यातून घडले, एवढेच या व्याख्यानात मांडायचे आहे.

आधी जमीन पाहू. जामसांवलीहून उत्तरेला निघालेला रस्ता रामाकोना ओलांडतो, सिल्लेवानी घाट चढतो आणि छिंदवाड्याच्या पठारावर जातो. दक्षिणेकडे घाट नाही. सावनेरवरून सरळ नागपूर. कन्हान नदीही त्याच उताराने नागपूर जिल्ह्यात उतरते. माती काळी, कापूस-ज्वारी-तुरीची. म्हणजे नकाशात काहीही असो, घाटाखालचा हा भाग नागपूरच्या मैदानाचाच आहे.

इतिहासानेही हाच उतार धरला. देवगडचे गोंड राज्य घाटावरचे. पण त्याचा राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले आणि त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानीच तिथे नेली. पुढे भोसले आले, १८५३ मध्ये त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. राज्यकर्ते बदलत गेले; बाजार आणि कचेरी दोन्ही नागपुरातच राहिली.

या काळात शेतीत पैसा आला तो कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीला जगाच्या बाजारात भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७७ मध्ये तिथेच जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. शेतकऱ्याने घरच्या खाण्याची ज्वारी थोडी मागे सारून विकण्याचे पीक पुढे आणले. त्याच्या हाती रोकड आली आणि सावकाराचे खातेही उघडले, कारण आता भाव परगावी ठरत होता. विसाव्या शतकात सौंसरला नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजने आणि पांढुर्ण्याला नागपूर-इटारसी मार्गाने जोडले, तेव्हा हा ओघ पक्का झाला.

जमिनीच्या पोटातही संपत्ती होती. भूगर्भशास्त्रात मध्य भारतातील मँगनीजधारी खडकांच्या एका समूहाला ‘सौंसर’ हेच नाव आहे. भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीजवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या भागातील काचीधाना, गोवारी-वढोणा अशा ठिकाणांची नोंद आहे. मँगनीज लागते पोलादाला, आणि त्या वेळी देशात पोलाद फारसे होतच नव्हते. म्हणून कापसाच्या गाठींसारखेच हे धातुकही बंदराकडे गेले. इथे राहिली ती खाणीची मजुरी. कच्चा माल जायचा आणि मोलाची भर बाहेर पडायची, हा साचा असा दोन बाजूंनी बसला.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा एकूण हिंदी भाषकांचा, म्हणून तो मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर घाटाखालचे हे मराठी तालुकेही राहिले. राजधानी भोपाळला गेली. पीक विकायला दक्षिणेला जायचे आणि कागद काढायला घाट चढायचा, हे त्या दिवसापासून सुरू झाले. शेजारच्या काटोलचा शेतकरी सातबारा म्हणतो, इथला खसरा म्हणतो. तिकडे बाजार समिती, इकडे मंडी. ‘पटवारी’ तेवढा दोन्हीकडच्या तोंडी टिकला.

सीमा काय करते, हे कापसानेच दाखवले. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. तिथल्या शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. मध्य प्रदेशात व्यापार खुला. तिकडचा सरकारी भाव चढा असला की बाहेरचा कापूस आत शिरे. बाहेर भाव चढला किंवा तिकडचे चुकारे रखडले की कापूस उलटा सीमा ओलांडे. माती एक, वाण एक; पण वाटेत नाका आला की त्याच बोंडाचे मोल बदलायचे.

आज या भागाचे मुख्य नगदी पीक संत्रे. बागेला आधी पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडले की झाड फुलते. आंबिया बहार साधारण जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या आगेमागे निघतो. मृग बहार पावसाच्या तोंडी फुलतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतो. पुष्कळ शेतकरी फळ झाडावर असतानाच बगीचा व्यापाऱ्याला देतात. त्यात हातात रक्कम लवकर येते, तोडणी-वाहतुकीची कटकट जाते. पण छाटणी, प्रतवारी, पेटी आणि दूरच्या बाजारातला भाव, म्हणजे नफ्याच्या साऱ्या पायऱ्या दुसऱ्याकडे जातात. फळगळीचा आणि आटत्या विहिरीचा धोका मात्र मालकाचाच. इथले फळ विकलेही जाते ‘नागपुरी’ म्हणून. संत्रे फार टिकत नाही, म्हणून भाव पडला तरी थांबता येत नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्याचा फटका सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बागांना बसला, तो याच कारणाने.

कारखाने आले नाहीत असे नाही. सौंसरजवळ बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडची गिरणी आहे. पण तिथले मुख्य कापड लोकर आणि पॉलिस्टरचे. शेजारच्या शेतातल्या कापसाशी त्याचे नाते थोडे. गिरणीने रोजगार दिला, पण पिकाला गिऱ्हाईक दिले नाही. सेवाक्षेत्राचे उदाहरण खुद्द जामसांवलीत आहे. निद्रिस्त हनुमानाच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी नागपूरकडून येणारी गर्दी म्हणजे हार-नारळाची दुकाने, खानावळी, वाहने यांची कमाई. २०२३ मध्ये इथे ‘हनुमान लोक’च्या कामाला आरंभ झाला. या व्यवहाराचे वैशिष्ट्य असे की इथे माल बाहेर जात नाही, गिऱ्हाईक इथे येते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा कचेरीसाठी आता घाट चढावा लागत नाही. नॅरोगेज २०१५ मध्ये बंद होऊन तिथे ब्रॉडगेज आली. कचेरी जवळ आली, वाट रुंद झाली. पण रुंद वाटेने कच्चा माल अधिक वेगाने बाहेरही जाऊ शकतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून नव्या जिल्ह्याची प्रगती मोजायला एक साधे माप सुचवतो. तोडलेले संत्रे आणि वेचलेला कापूस या जिल्ह्यात किती टप्पे थांबतो, हे पाहा. प्रतवारी इथे झाली तर एक टप्पा, शीतगृह झाले तर दुसरा, रस किंवा सूत निघाले तर तिसरा. प्रत्येक टप्प्याला काही घरांची चूल पेटते. दीडशे वर्षे हे टप्पे दुसऱ्यांच्या गावी पडत आले. ते मोजायला तज्ज्ञ लागत नाही. तोडणीच्या दिवशी गाडी कुठे रिकामी होते, एवढे विचारले तरी पुरे.