आसनाखालील इंजिनाचे स्पार्क प्लग घरीच बदला

मावळ तालुक्यातील भात, दूध, भाजीपाला आणि तळेगाव परिसरातील गुलाबफुले बाजारात पोचविण्यासाठी लहान व्हॅनचा वापर पुष्कळ शेतकरी करतात. १९८४ साली आलेली आणि २०१९ साली उत्पादन थांबलेली मारुती ओम्नी अद्यापही गावोगाव दिसते. २०१० पासून ईको ही गाडीही चांगली रुळली आहे. ह्या दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढील आसनांखाली असते. त्यामुळे माल ठेवण्यास जागा मिळते. परंतु इंजिनापर्यंत हात पोचणे अवघड होते. परिणामी स्पार्क प्लग बदलण्याचे साधे कामही लांबणीवर पडते.

दुर्लक्षाचे परिणाम

चार-स्ट्रोक इंजिन मिनिटास ३,००० फेरे फिरत असता प्रत्येक सिलिंडरात मिनिटास १,५०० वेळा इंधन पेटावे लागते. प्लगची टोके झिजली की त्यांतील अंतर वाढते व ठिणगी क्षीण होते. ओम्नीच्या इंजिनास तीनच सिलिंडर असल्याने एक बंद पडल्यास सुमारे एकतृतीयांश शक्ती जाते. मुंबईस माल उतरवून परतणाऱ्या गाडीस खोपोलीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यापर्यंत चढावे लागते. झिजलेल्या प्लगची उणीव तेथे ताबडतोब जाणवते. पावसाळ्यात ओलाव्यामुळे पहाटे गाडी सुरू न झाल्यास दूध नासते आणि फुलांचा लिलाव चुकतो. शिवाय न जळलेले पेट्रोल धुराड्यातील उत्प्रेरक यंत्रास जाळून टाकते, व तो खर्च प्लगच्या किमतीच्या अनेक पटींनी अधिक असतो.

कामाची तयारी

गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्याच क्रमांकाचे प्लग आणावेत. आतून रबर असलेला प्लग पाना, लांब दांडा, रॅचेट, अंतर मोजण्याचे फिलर गेज, सायकलचा पंप व रबरी नळीचा वीतभर तुकडा जवळ असावा. इंजिन पूर्ण थंड असल्याखेरीज काम सुरू करू नये. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढल्यास आटे खराब होण्याचा संभव असतो. बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. गॅसवर चालणाऱ्या गाडीत गॅसचा वास येत असेल तर कामास हात न लावता जाणकारास बोलवावे.

कृती

१) पुस्तिकेत दाखविल्याप्रमाणे आसन व त्याखालील झाकण काढावे. काढलेले बोल्ट वाटीत ठेवावेत.

२) एका वेळी एकाच प्लगचे काम करावे. सर्व वायरी एकदम काढल्यास त्यांची अदलाबदल होते व इंजिन चालत नाही. टोपी धरून ओढावी. वायर ओढू नये. ज्या गाडीत प्लगवरच कॉईल असते, तेथे आधी तिचा बोल्ट सोडवावा.

३) प्लगभोवतीची धूळ व पाणी पंपाच्या हवेने उडवावे. हा कचरा सिलिंडरात पडला तर इंजिनास इजा होते.

४) जुना प्लग पान्याने सरळ ठेवून सोडवावा. पाना तिरपा झाल्यास चिनीमाती तडकते.

५) नव्या प्लगचे अंतर मोजून पुस्तिकेप्रमाणे आहे का ते पाहावे. इरिडियमच्या प्लगचे बारीक टोक मात्र वाकवू नये.

६) जेथे हात पोचत नाही तेथे नव्या प्लगचे वरचे टोक रबरी नळीत खोचून नळी बोटांनी फिरवावी. आटे वाकडे बसू लागताच नळी घसरते आणि हेड वाचते. आरंभी रॅचेट लावणे हीच सर्वांत महागडी चूक होय.

७) प्लग टेकल्यावर, वायसर नवा असल्यास, पान्याने सुमारे अर्धा फेरा आवळावा. टॉर्क पाना असल्यास पुस्तिकेतील आकडा पाळावा.

जुना प्लग काय सांगतो?

टोक फिकट तपकिरी वा करडे असेल तर इंजिन निरोगी समजावे. कोरडी काळी काजळी हे अधिक पेट्रोलाचे किंवा मळलेल्या एअर फिल्टरचे लक्षण होय. तेलकट टोक झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील दर्शविते. पांढरे, फोड आलेले टोक इंजिन फाजील तापत असल्याचे सुचविते. शेवटच्या दोन प्रसंगी केवळ प्लग बदलून भागणार नाही. मेकॅनिककडे जाणे इष्ट.

प्रत्येक प्लगवर त्याच्या सिलिंडरचा क्रमांक लिहून ठेवल्यास दोष कोठे आहे ते चटकन कळते. बदल केल्याची तारीख व किलोमीटर वहीत नोंदवावेत. पुढचा बदल पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरानंतर, आणि शक्यतो पावसाळ्यापूर्वी करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपाच्या सभेस जोडूनच एखाद्या गाडीवर ह्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. पाना व फिलर गेज चार घरांत मिळून एक घेतले तरी पुरते. शेतकरी बंधूंनो, शेतात कष्टाने पिकविलेला माल वेळेवर बाजारी पोचला तरच त्याचे मोल हाती येते. तेव्हा बियाणे व खते यांच्या तयारीबरोबरच आसनाखालच्या ह्या लहानशा भागाकडेही पेरणीआधी एकदा लक्ष द्यावे.