संघ गावाबाहेर निघतो तेव्हा

वस्तीतल्या पोरांचा फुटबॉल संघ घेऊन आम्ही परभणीबाहेर जाऊ लागलो, तेव्हा सारी फिकीर सामन्याची होती, प्रवासाची नव्हती. एकदा तर पोरे मालवाहू टेंपोत बसवून नेली आणि भाडे वाचले म्हणून खूश झालो. नंतर कळले की, अशा गाडीत माणसे नेणे बेकायदा असते आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळणेही कठीण. तेव्हापासून एसटी, नाहीतर रेल्वे.

दुसरी धास्ती उन्हाची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सामने सकाळी लवकर ठेवा, असे आम्ही आयोजकांना सांगतो; ते ऐकत नाहीत, हा भाग वेगळा. म्हणून १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटल्या सोबत नेतो. पोरगे बरळू लागले, झोकांड्या खाऊ लागले, तर सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. खायला घरची भाकरी-चटणी आणि केळी. स्टँडवरची कापलेली फळे नकोत.

कारकुनी सवय म्हणा, पण आम्ही एक वहीही ठेवतो. तीत घरचा फोन, रक्तगट, चालू औषधे. एका माउलीने पोराला फिट येते हे लपवले होते, संघातून काढतील या भीतीने. निघताना बसच्या दारात तिने हळूच सांगितले. डॉक्टरांना विचारले, त्यांनी खेळू द्या म्हटले. पोरगे संघात आहे. त्याच्या गोळ्या आमच्या खिशात असतात.