ग्रंथसेवकाची नवी उमेदवारी

नंदुरबारहून दोंडाईच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या गावाचे नाव कोणी रनाळे असे लिहितो, कोणी रनाळा असे लिहितो, आणि अहिराणी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तर त्यातल्या ळकाराचाही भरवसा उरत नाही. कारण शाळेला शाया, केळीला केयी आणि काळ्याला काया म्हणणाऱ्या या बोलीस त्या अक्षराचे फारसे अगत्य नाही. माणसामाणसांच्या व्यवहारात यामुळे कोणाचे काही अडत नव्हते, कारण टपालवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सर्वांना ही सारी रूपे एकाच गावाची आहेत हे ठाऊक होते. परंतु आमच्या भागातील एका लहानशा वाचनालयात परवा संगणकापुढे बसलेल्या सेविकेने गावाच्या नावाने एक जुनी स्मरणिका शोधावयास घेतली, तेव्हा यंत्राने तीन वेळा ‘नोंद आढळली नाही’ असा निर्विकार शेरा मारला, आणि ती स्मरणिका तर तिच्या पाठीमागच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर उभी होती! दाखल नोंदवहीतील नोंदी संगणकावर चढविणाऱ्याने ‘रनाळा’ लिहिले होते आणि सेविका ‘रनाळे’ शोधीत होती, एवढाच काय तो मामला. महाराष्ट्रातील ग्रंथसेवक गेल्या दोन तपांत जी नवी साधने शिकत आहेत, त्यांच्या शिक्षणाचा सारा पेच या एका मात्रेत सापडतो, असे मला वाटते.

ग्रंथालयातील सेवकास रीतसर शिकवावे लागते, ही कल्पनाच आपल्याकडे फार जुनी नाही, आणि तिचा उगम आमच्या शेजारच्या मुलखात आहे याचा आम्हा खानदेशकरांना सहसा विसर पडतो. नवापूरची सीमा ओलांडली की लागणारे सोनगड आणि व्यारा हे प्रदेश पूर्वी बडोदे संस्थानात मोडत. त्या संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड, ज्यांचे जन्मगाव मालेगावनजीकचे कवळाणे, यांनी 1910 साली विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि पुढच्याच वर्षी बडोद्यास ग्रंथालय-शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. 1912 पासून तेथून निघू लागलेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. ग्रंथांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत पाठविण्याची जी तजवीज त्या काळी झाली, तीत पेटी उघडणारा माणूस बहुधा गावचा शिक्षकच असे. त्यालाही नोंदी कशा ठेवावयाच्या, पेटी परत करताना हिशेब कसा जुळवावयाचा, हे नव्यानेच शिकावे लागले असणार. पेटी नवी होती. गावातील कोणाला काय वाचावयास आवडेल, हे ज्ञान मात्र त्याच्यापाशी आधीपासून होते.

पुढे महाराष्ट्रात या विषयास कायद्याचे अधिष्ठान लाभले. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1 मे 1968 पासून अमलात आला. परंतु त्याने ग्रंथालये सरकारी केली नाहीत, तर लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांना अनुदान देण्याची पद्धत पक्की केली. अ, ब, क आणि ड हे वर्ग, निरीक्षकांची तपासणी आणि हप्त्याहप्त्याने येणारे अनुदान, ही या व्यवस्थेची परिचित अंगे होत. तिच्यातील सेवक सरकारी नोकर नव्हे. तो संस्थेचा माणूस, आणि खेड्यात तर बहुधा अर्धवेळचा. सकाळी वर्तमानपत्रे मांडावयाची, सायंकाळी देवघेव करावयाची, मार्चअखेरीस हिशेब लिहावयाचे, आणि मधल्या वेळात पोटासाठी शेती किंवा दुकान पाहावयाचे, अशी ही नोकरी. जिल्हा ग्रंथालय संघांच्या प्रमाणपत्र-वर्गांतून अनेकांनी वर्गीकरण आणि तालिकीकरण यांची तोंडओळख करून घेतलेली असते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठामुळे काहींना पदवीही मिळाली. ज्याला पूर्ण वेतन नाही, त्याच्याकडून पूर्ण नवे शास्त्र शिकण्याची अपेक्षा ठेवणारे परिपत्रक निघते, तेव्हा ते लिहिणाऱ्याच्या धाडसाचे कौतुकच करावेसे वाटते.

शिकावयाची साधने तरी कोणती? राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेले ‘ई-ग्रंथालय’ आहे, पुण्यात घडलेले ‘स्लिम’ आहे, महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचे ‘सोल’ आहे. आणि ‘कोहा’ आहे, ज्याची जन्मकथा आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातील ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली 2000 साल उजाडताच निकामी होणार, असे दिसू लागले. महागडी नवी प्रणाली विकत घेण्याऐवजी त्या संस्थेने 1999 साली स्वतःपुरती एक घडवून घेतली आणि ती जगास विनामूल्य देऊन टाकली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे देणगी. याखेरीज खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले आणि 2018 साली राष्ट्रास अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, आणि वाईहून वीस खंडांत निघालेला मराठी विश्वकोश आता पडद्यावर वाचावयास मिळतो. साधनांचा दुष्काळ म्हणून नाहीच.

अडचण येते ती अक्षरांपाशी. युनिकोड येण्यापूर्वी ज्या ग्रंथालयांनी मोठ्या हौसेने आपल्या याद्या संगणकावर टंकून घेतल्या, त्यांच्या याद्या त्या-त्या कंपनीच्या फाँटमध्ये होत्या. संगणक बदलला, फाँट गेला, आणि हजारो ग्रंथांची नावे स्वल्पविराम, कंस व रोमन अक्षरे यांच्या अगम्य खिचडीत रूपांतरित झाली. ज्यांनी दाखल नोंदवह्या रद्दीत घातल्या नव्हत्या ते वाचले. युनिकोडने हा रोग बहुतांशी बरा केला, परंतु सूक्ष्म दुखणी उरली. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र संकेतांक घेऊन युनिकोडात आले ते 2008 साली. तोवर लोक अकारावर चंद्र चढवून काम भागवीत. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती भिन्न वाटतात. आणि म्हणून एखाद्या वकिलाने लिहिलेला ग्रंथ त्याच्या नावामागील ‘ॲड.’ या उपाधीपायी यंत्राच्या दृष्टीने गहाळ ठरू शकतो. त्यातून मराठी लेखकांची टोपणनावे! कुसुमाग्रज म्हणजेच वि. वा. शिरवाडकर आणि गोविंदाग्रज म्हणजेच राम गणेश गडकरी, हे देवघेवीच्या टेबलामागे वीस वर्षे बसलेल्या माणसास कोणी सांगावे लागत नाही; यंत्रास सांगावे लागते, आणि प्रत्येक वेळी ‘पाहा’ अशी नोंद करूनच सांगावे लागते. भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिणारे वाहरू सोनवणे हे तर आमच्याच जिल्ह्याचे कवी. जेथे भाषेच्या रकान्यात एकच पर्याय निवडण्याची मुभा असते, तेथे त्यांच्यासारख्याची नोंद करणाऱ्याने काय करावे?

शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या कालखंडातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांच्या हाताशी कागद आणि लेखणी यांपलीकडे काही नव्हते. ग्रंथ प्रत्यक्ष पाहावा, नाव पडताळावे, नोंद करावी, हा त्यांचा क्रम. आज पडद्यावर बोट ठेवताच जे दिसते, त्याच्या मागे असला कोणीतरी पडताळणारा नसेल तर जलद शोध म्हणजे जलद चूक एवढेच होते. आमच्या सेविकेने त्या दिवशी स्मरणिकेची नोंद दुरुस्त केली खरी, पण ‘रनाळा’ हे रूप खोडले नाही. तेथे ‘रनाळे पाहा’ असे लिहिले, आणि उलट बाजूनेही तसेच केले. हे तिला कोणत्या संगणक-वर्गात शिकविले, म्हणून मी विचारले. “वर्गात नाही, सर. ते जुन्या कार्डांच्या ड्रॉवरमध्ये असंच असायचं,” ती म्हणाली.

संगणक-वर्गांविषयी मात्र माझी तक्रार आहे. एका दोन दिवसांच्या कार्यशाळेस मी निमंत्रित म्हणून गेलो होतो. सत्तर सेवकांपुढे आठ संगणक होते; पहिला दिवस दीपप्रज्वलन, सत्कार व मनोगते यांत गेला, आणि दुसऱ्या दिवशी वक्त्याने कोणती कळ दाबली असता कोणती चौकट उघडते, हे भिंतीवरील चित्रांतून दाखविले. दुपारी वीज गेली. प्रमाणपत्रे आधीच छापलेली असल्याने त्यांचे वाटप तेवढे यथासांग पार पडले. परंतु त्याच दिवशी चहाच्या वेळी झाडाखाली जे घडले ते मी विसरलेलो नाही: तळोद्याकडील एका तरुणाने आपल्या भ्रमणध्वनीवर बोलून मराठी कसे उमटवावयाचे, हे साठीतल्या एका ग्रंथपाल आप्पांना दाखविले, आणि त्या आप्पांनी तेथल्या तेथे शंभरेक ग्रंथनामे बोलून पाहिली. गूगलने मराठीस ही सोय 2017 साली दिली. आमच्याकडे ती त्या झाडाखाली पोचली. आप्पांचे उच्चार अहिराणी वळणाचे, त्यामुळे यंत्राने काही विनोदी ग्रंथनामे रचलीही. पण घरी जाताना आप्पांच्या खिशात प्रमाणपत्राहून मोलाचे काहीतरी होते.

हे परस्परांकडून शिकणे व्हॉट्सॲपच्या गटांत अखंड चालू असते. तेथे परिपत्रके येतात, वार्षिक अहवालाचे नमुने येतात, सुप्रभातीची फुलेही येतात, त्यांना इलाज नाही. पण रात्री दहा वाजता कोणी विचारतो की नोंदी जतन होत नाहीत, काय करावे, आणि सव्वादहाला अक्कलकुव्याहून उत्तर येते. 2020 च्या मार्चमध्ये वाचनालयांना कुलुपे लागली, आणि सातपुड्यातील मुलांना अभ्यासाकरिता नेटवर्कच्या शोधात टेकड्या चढाव्या लागल्या, त्या दिवसांत कित्येक सेवकांनी विश्वकोशातील नोंदींचे दुवे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे वाचकांना भ्रमणध्वनीवर पाठविली. ऑक्टोबरच्या मध्यास, नेमक्या वाचन प्रेरणा दिनाच्या सुमारास, दारे पुन्हा उघडली. पण वाचकांची ही नवी सवय काही गेली नाही.

कारण वाचक आता केवळ कादंबरी मागत नाही. पोलीस भरतीचा अर्ज, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवरील नोंदणी, डिजिटल सातबारा, ई-पीक पाहणी, हे सारे वाचनालयाच्या टेबलाशी येऊन थांबते, आणि सेवकाने हे आपले काम नव्हे म्हटले तर त्या माणसास अर्ज भरून देणाऱ्या दुकानात पैसे मोजावे लागतात. येथे एक नाजूक प्रश्न उत्पन्न होतो. वृद्ध सभासद आपला भ्रमणध्वनी सेवकाच्या हाती देतो आणि आलेला गुप्त क्रमांक मोठ्याने वाचून दाखवितो. कोणी कोणते पुस्तक नेले हे चावडीवर सांगू नये, ही ग्रंथपालाची जुनी मर्यादा. तीच आता आधार क्रमांकासही लावावी लागते. आमच्या सेविकेने यावर आपला नियम केला आहे: मार्ग ती दाखविते, परंतु अंक ज्याचे त्यानेच दाबावयाचे, मग अर्धा तास लागो.

मागच्या हिवाळ्यात मी तिच्या वाचनालयात बसलो असता मिरची वाळविण्याची पथारी सांभाळणारे एक गृहस्थ आत आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, “ताई, आज मिरचीना भाव काय शे?” तिने पणन मंडळाच्या संकेतस्थळावर नंदुरबार बाजार समितीचा दर काढून दाखविला, तारीख कालची आहे हे बजावले, आणि ओल्या मिरचीचा आकडा कोणता व सुक्याचा कोणता, हे त्यांच्याकडूनच वाचवून घेतले. ते समाधानाने गेले नाहीत. दर पडला होता. जाताना त्यांनी विचारले की चार वर्षांपूर्वी याच आठवड्यात काय भाव होता. संकेतस्थळावर तो काही तिला सापडला नाही. तेव्हा ती उठली, आतल्या खोलीतून वर्तमानपत्रांचा धुळकट गठ्ठा ओढून आणला, आणि ते गृहस्थ चपला काढून जमिनीवर बसून एकेक पान उलटू लागले.